चार नंबरची वायर

आमच्या घरात कुठलीही वायर काढायची असेल तर आधी तिला चिठ्ठी बांधायची, हा माझा नियम आहे. वायरला एक चिठ्ठी, ती जिथून निघाली त्या भोकाशेजारी दुसरी, आणि दोन्हींवर एकच आकडा. काम झालं की आकडा बघायचा आणि जिथली वायर तिथे लावायची. डोकं लावायचं नाही. डोकं लावणाऱ्यांनी केलेले घोटाळे मी पस्तीस वर्षं निस्तरले आहेत.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडायचो. एका केबलीत शेकडो तारा, सगळ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी शोभतील अशा. एक जरी इकडची तिकडे गेली तरी डॉक्टरांचा फोन खाटकाच्या दुकानात वाजायचा. तिथे मला सगळे चिठ्ठीमामा म्हणायचे, आणि माझ्या पाठीमागे हसायचे. पण काही बिघडलं की बोलवायचे मलाच. बायको म्हणते, "यांचं चाललं तर हे मलाही आकडा बांधतील." म्हणू दे. तिच्या शिलाई मशीनची मोटर दुरुस्तीला गेली होती तेव्हा चिठ्ठ्यांमुळेच दहा मिनिटांत परत बसली, ते ती सोयीस्करपणे विसरते.

घरात माझा नियम मनापासून पाळणारं माणूस एकच, ते म्हणजे ठकू. ठकू ही आमची एकुलती एक मुलगी. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी एका जागी बसून टकामका बघत राहायची म्हणून हे नाव पडलं, आणि आता चौतिसाव्या वर्षीही ते सुटलेलं नाही. ती प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे कॉम्प्युटरवर आखते, त्यातही जास्त करून झाकणं. तेलाच्या बाटलीचं झाकण, औषधाच्या बाटलीचं झाकण, डब्याचं झाकण. कोणाकडे पाहुणी म्हणून गेली तरी पाण्याची बाटली हातात आली की आधी झाकण उलटं करून आतले आटे मोजते आणि मग पाणी पिते.

दोन वर्षांपूर्वी तिचा कारखाना बंद पडला आणि ती दोन महिन्यांसाठी म्हणून घरी आली. दोनाचे चार झाले, चाराचे चोवीस. शेजारपाजारच्या मुलांना ती गणित शिकवू लागली. तिला ते आवडत नाही हे मुलांनाही कळत असावं, कारण ती तिच्यासमोर फार शहाण्यासारखी वागतात.

मी मात्र सुखात होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. ती यायच्या आदल्या दिवशी मी माळ्यावरून तिचं जुनं टेबल काढलं, पुसलं, शाळेत असताना होतं तसं खिडकीशी लावलं. तिचा कप, तिची खुर्ची, तिचं कपाट, सगळं जिथलं तिथे. रस्त्यात वेगळं झाकण दिसलं की मी उचलून आणायचो, धुवायचो आणि स्वयंपाकघराच्या खालच्या खणात टाकायचो. तो खण भरला तेव्हा दुसरा रिकामा केला. संध्याकाळी चहा घेताना मी एकेक झाकण काढायचो आणि ती मला सांगायची की ते कसं बनवलंय, कुठे चुकलंय. एवढ्या वर्षांत माझ्याशी इतकं कोणी बोललं नव्हतं.

"पोर घरात बसून गंजायला लागली आहे," बायको म्हणायची. "तिला कुठेतरी जाऊ द्या आता."

"मी काय तिला बांधून ठेवलंय?"

"तुमचं काय सांगावं, चिठ्ठी लावून ठेवली असेल."

तर अशात एक नोकरी चालून आली. दुसऱ्या शहरात, रात्रभराच्या प्रवासावर. बाटल्या आणि झाकणांचाच मोठा कारखाना. तिथल्या आखणी विभागाच्या साहेबबाईंनी ठकूची जुनी कामं बघितली आणि कळवलं की शनिवारी दुपारी तीन वाजता परीक्षा घेऊ. परीक्षा घरी बसूनच. त्या ऐन वेळी एक झाकण सांगणार, ठकूने ते तिच्या कॉम्प्युटरवर आखायचं आणि त्या तिकडून बघणार. आणखी दोघांची परीक्षा त्याच दिवशी होती, आणि माणूस एकच घ्यायचा होता.

अडचण कॉम्प्युटरची होती. तो म्हातारा झालेला. झाकण सरळ दिसायचं, पण फिरवून बघायला गेलं की आतले आटे गायब व्हायचे आणि मग सगळंच गोठायचं. म्हणून तिने नवं ग्राफिक्स कार्ड मागवलं. म्हणजे फक्त चित्र काढण्याचं काम करणारा वेगळा भाग. तो गुरुवारी यायचा होता, आला शनिवारी सकाळी साडेदहाला.

"बाबा, चिठ्ठ्या आणा," ठकूने आतून हाक मारली. मला ती हाक फार आवडली.

कॉम्प्युटरच्या डब्याला मागे आठ वायरी होत्या. आम्ही दोघांनी जमिनीवर मांडी घालून एक ते आठ आकडे घातले. वीज एक नंबर, कीबोर्ड दोन, माऊस तीन, मॉनिटर चार, असं पुढे. डबा उघडला तशी आतली धूळ उडाली आणि बायकोने बाहेरून विचारलं की घर झाडतोय की घाण करतोय. नवं कार्ड विटेएवढं होतं, त्याला दोन पंखे. त्याच्या मागच्या पट्टीवर तीन भोकं होती आणि तिन्हींवर काळी टोपणं बसवलेली होती.

ठकू ती टोपणं बघून कार्डच विसरली.

"बाबा, हे बघा तरी. एवढंसं टोपण, पण याच्या कडेला केवढी छान गोलाई दिलीय. नखाने सहज निघावं, पण आपणहून पडू नये." तिने एक काढलं, परत दाबलं. टक् असा बारीक आवाज झाला. "ऐकलंत? ज्याने कोणी साचा केला त्याला मानलं."

"राहू दे तशीच लावलेली," मी म्हणालो. "आत धूळ जाणार नाही."

"मी काढतेय कशाला!"

कार्ड बसलं, त्याची विजेची वेगळी वायर आत लागली, स्क्रू फिरले. मग आम्ही आठ वायरी आकडे बघून परत लावल्या. मी बॅटरी मारून प्रत्येक आकडा मोठ्याने वाचला आणि तिने "बरोबर" म्हटलं. आठच्या आठ. तिने बटण दाबलं. डब्यात दिवे लागले, दोन्ही पंखे गरगरले. मॉनिटरवर 'सिग्नल नाही' अशी पाटी आली, तिने दोन उड्या मारल्या आणि सगळं काळं झालं.

"गरम व्हायला वेळ लागत असेल," मी म्हणालो.

"ही काय इस्त्री आहे का, बाबा?"

आम्ही पाच मिनिटं थांबलो तरी पण. मग कामाला लागलो. आधी मॉनिटर. त्याची वायर डब्यातून काढून टीव्हीच्या डब्याला लावली, तर बातम्या सांगणारी बाई लख्ख दिसली. म्हणजे मॉनिटर ठीक, वायर ठीक. मग कार्ड काढून, त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासून परत बसवलं. काळं. विजेची वायर काढून घातली. काळं. मग ठकूने कार्ड पूर्ण काढून बाजूला ठेवलं, वायरी लावल्या आणि बटण दाबलं, तर चित्र आलं! तिची नेहमीची निळी खिडकी, सगळं जागच्या जागी. परत कार्ड बसवलं, परत काळं. असं आम्ही तीनदा केलं. कार्ड काढलं की दिसायचं, घातलं की जायचं. एवढ्यावर कोणीही सांगेल की दोष कार्डातच आहे.

दीड वाजला होता. बायकोने जेवायला बोलावलं, आम्ही गेलो नाही, म्हणून तीच ताटं घेऊन आली. ठकूने दोन घास खाल्ले. तिचा चेहरा असा झाला होता की मला तिच्याकडे बघवेना. मी दुकानदाराला फोन लावला.

"काका, कार्ड काढल्यावर दिसतंय आणि घातल्यावर नाही?" दुकानदार म्हणाला. "मॉनिटरची वायर कुठे लावलीय तुम्ही?"

आता पस्तीस वर्षं ज्याने तारा जोडल्या त्याला हा प्रश्न! माझा पारा चढला.

"जिथली तिथे लावलीय," मी म्हणालो. "आकडे घालून लावलीय. वायरींचं तुम्ही मला शिकवू नका. कार्डाचं बोला."

"तसं नाही काका, मी एवढंच विचारत होतो की..."

"वायरी बरोबर आहेत!"

"बरं. मग कार्ड गेलेलं असेल. सोमवारी घेऊन या, बदलून देतो."

सोमवारी! परीक्षा तासाभरावर आली होती आणि हा सोमवारचं बोलत होता. ठकूने कार्ड काढलं आणि जुन्यावरच करून बघते म्हणाली. सरावाला म्हणून एक झाकण उघडलं, फिरवलं, आटे गायब. पुन्हा फिरवलं आणि सगळं गोठलं. ती खुर्चीत मागे टेकून त्या गोठलेल्या झाकणाकडे बघत बसली.

"शेवटचं एकदा कार्ड घालून बघते," ती म्हणाली. घातलं, मी आकडे वाचले, ती "बरोबर" म्हणाली. काळं.

दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. ठकू उठली. "साहेबबाईंना फोन करून सांगते. ऐन वेळी फजिती नको. बाबा, कार्ड परत खोक्यात भराल का?" एवढं बोलून ती शेजारच्या खोलीत गेली. रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.

मी टेबलाखाली शिरलो. साठीनंतर टेबलाखाली शिरायचं म्हणजे गुडघ्यांशी तह करावा लागतो. बॅटरी तोंडात धरली आणि डब्याच्या मागे बघू लागलो. कार्ड परत द्यायचं तर त्याच्याबरोबर आलेलं सगळं परत द्यायला हवं, म्हणून मी टोपणं मोजली. एक, दोन, तीन. तिन्ही जागेवर.

तिन्ही जागेवर, आणि कार्ड चित्र काढणार होतं. मग काढलेलं चित्र ते बाहेर पाठवणार कुठून?

मला एकदम आमचं जुनं एक्स्चेंज आठवलं. एका रविवारी ते बंद करून शेजारच्या खोलीत नवं सुरू केलं होतं. भिंतभर यंत्रं, सगळे दिवे लागलेले, आणि अर्धं शहर मुकं. एकाही फोनला आवाज नाही. सगळे नव्या यंत्राला शिव्या घालत होते. शेवटी कळलं की एका मोठ्या केबलीच्या तारा आमच्यातल्या एकाने चिठ्ठ्या बघून इमानदारीत जुन्याच चौकटीवर परत लावल्या होत्या. जुनं तर बंद! तो एक जण मीच होतो. आमच्या मुकादमांनी मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "चिठ्ठीवर ती कुठून आली ते लिहिलंय. कुठे जायची ते लिहिलंय का?" ही गोष्ट मी घरात कधी कोणाला सांगितलेली नाही.

मी मधलं टोपण नखाने काढलं. सहज निघालं. आतलं भोक आमच्या चार नंबरच्या वायरीच्या तोंडाचंच होतं. कार्ड धडधाकट होतं. नवं कार्ड बसल्याबरोबर जुन्या भोकाने काम सोडलं होतं, आणि आम्ही सकाळपासून आकडा बघून वायर तिथेच खुपसत होतो. मी मोठ्याने वाचत होतो, आणि ती "बरोबर" म्हणत होती.

चार नंबरची वायर मी हातात घेतली. आणि मग टोपण परत लावलं.

हे लिहिताना मला लाज वाटते, पण झालं ते झालं. मी वायर होती तिथे ठेवली, टोपण अंगठ्याने दाबलं, टक् असा आवाज झाला, आणि मी टेबलाखाली तसाच बसून राहिलो. मला काही वाईट करायचं नव्हतं. मला फक्त काही करायचं नव्हतं. तीन वाजून जातील, दुसऱ्या दोघांपैकी कोणीतरी ती नोकरी घेईल, सोमवारी दुकानदार हसत सांगेल की काका, वायर चुकली. तेव्हा मी कपाळावर हात मारीन. कोणाला काय कळणार आहे? आणि संध्याकाळी चहाला ठकू असेल. खणात अजून शंभर झाकणं होती, तिने न बघितलेली. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनचा आवाज थांबला होता आणि सगळं घर चिडीचूप होतं. त्यामुळे ठकूचं फोनवरचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"मॅडम, माझ्याकडे कॉम्प्युटरची अडचण झालीय. नवं कार्ड बसवलंय आणि चित्रच येत नाही... हो, सगळं तपासलं. नाही, वायर चुकलेली नाही. माझ्या बाबांनी स्वतः बघितलंय. ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, त्यांनी बघितलं म्हणजे वायरिंग बरोबरच असणार. त्यांचं चुकत नाही, एवढं मी खात्रीने सांगते... सोमवारी नाही का जमणार? ... हो. बाकीचे दोघं आज देतायत, बरोबर आहे. नाही नाही मॅडम, तुमचा काय दोष..."

परक्या बाईसमोर, नोकरी हातची जात असताना, ही मुलगी माझी बाजू घेत होती.

"ठकू!" मी ओरडलो. "फोन ठेवू नकोस!"

उठायच्या घाईत डोकं टेबलाला असं आपटलं की बॅटरी तोंडातून पडली आणि गडगडत कपाटाखाली गेली. अंधारात चाचपडत मी टोपण काढलं, चार नंबरची वायर तिच्या जन्मजात भोकातून उपसली आणि कार्डाच्या भोकात घातली. वर मॉनिटर उजळला तो मला टेबलाखालून दिसला नाही, पण दारात आलेल्या ठकूच्या चेहऱ्यावर निळा उजेड पडला तो दिसला.

ती फोन कानाला धरून उभी होती. तोंड उघडं.

"मॅडम," ती म्हणाली, "आलं. चित्र आलं. मला दहा मिनिटं द्याल का?"

साहेबबाई काय म्हणाल्या ते कळलं नाही, पण ठकूने फोन टेबलावर ठेवला आणि खुर्चीत उडीच मारली. नव्या कार्डाला चालवणारं एक सॉफ्टवेअर भरायचं होतं. ते भरत असताना पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि आम्ही दोघं तिच्याकडे डोळे लावून होतो.

"कुठे होती चूक?" ठकूने पट्टीवरची नजर न काढता विचारलं.

मी तळहात पुढे केला. त्यावर काळं टोपण होतं.

तिने ते बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "मी झाकणवाली! सकाळपासून त्याचं कौतुक करतेय, आणि ते कशावर बसलंय हे बघितलंच नाही!"

"चूक माझी," मी म्हणालो. "आकडे मी घातले."

"तुम्हीच शोधलंत ना पण," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्याने मला डोकं आपटल्यापेक्षा जास्त लागलं.

तीनला पाच मिनिटं असताना तिने दार लावून घेतलं. आम्ही नवरा-बायको बाहेर बसलो. बायको उशीचा अभ्रा शिवत होती. तिने एक शिवण घातली, बघितली, उसवली, परत घातली. मी वर्तमानपत्र उघडून एकच पान वाचत होतो, आणि त्यात काय होतं ते विचाराल तर सांगता येणार नाही. आतून ठकूचा आवाज यायचा. तो शिकवणीतला आवाज नव्हता. हा मी दोन वर्षांत ऐकला नव्हता, ठाम आणि मजेत असलेला.

साडेचारला दार उघडलं. ती घामेजली होती आणि केसांत पेन्सिल खोचलेली.

"औषधाच्या बाटलीचं झाकण दिलं त्यांनी," ती म्हणाली. "लहान मुलांना उघडता येऊ नये, पण बोटांत जोर नसलेल्या म्हाताऱ्यांना उघडता यावं. बाबा, तुमच्या गुडघ्याच्या गोळ्यांची बाटली! दाबून फिरवायचं ते झाकण तुम्हाला उघडत नाही म्हणून रोज आईला हाक मारता ना? ते का उघडत नाही ते मी तुम्हाला गेल्या महिन्यात सांगितलं होतं. तेच काढलं, सुधारून."

"आणि आटे?" मी विचारलं.

"दिसले की. फिरवलं, उलटं केलं, आतून बघितलं. एकही गेला नाही."

बुधवारी साहेबबाईंचा फोन आला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून या, म्हणाल्या. बायकोने त्याच दिवशी माळ्यावरची मोठी बॅग काढायला लावली. मी काढली. ती हातात घेतल्यावर रिकामी असूनही जड लागली. झाकणांचे दोन्ही खण मी ठकूसाठी एका खोक्यात भरले.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर बांधायला घेतला. मी चिठ्ठ्या, दोरा आणि पेन घेऊन बसलो. ठकू खोक्याला चिकटपट्टी लावत होती आणि बायको खिडकीपाशी बसून बॅगेचा निसटलेला पट्टा हाताने शिवत होती. एक, दोन, तीन नंबर बांधून झाले. चौथ्यापाशी माझा हात थांबला. एवढे दिवस मी ते पोटात ठेवलं होतं, आणि ही उद्या गाडीत बसणार होती.

"ठकू, एक सांगायचंय."

"हं?"

"त्या दिवशी तू फोनवर होतीस ना, तेव्हा तुला हाक मारायच्या आधीच मला चूक सापडली होती. टोपण काढून बघितलं होतं. मग परत लावलं आणि बसून राहिलो."

तिच्या हातातली चिकटपट्टी थांबली. "का?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

मी पेनाचं टोपण काढत होतो, लावत होतो. ती रागावली असती तर मी ऐकून घेतलं असतं. त्याची तयारी करूनच बसलो होतो.

"किती वेळ बसून राहिलात?" तिने विचारलं.

"चार मिनिटं असतील."

"चारच?" तिने कंबरेवर हात ठेवले. "दोन वर्षं माझ्यासाठी गावभरची झाकणं गोळा केलीत, आणि मी कायमची जायची वेळ आली तर चारच मिनिटं थांबलात? एवढीच किंमत का माझी?"

तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. मलाही काय करावं कळेना, म्हणून मी नाक पुसलं.

"चार नाही, सहा," खिडकीतून बायको म्हणाली. तिने मान वर केली नाही, सुई पट्ट्यातून आरपार ओढली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"तुला काय माहीत?" मी म्हणालो.

"तुमच्या पाठीमागे, बाहेरच्या खोलीच्या दारात उभी होते मी. टोपण काढलंत, वायर हातात घेतलीत, परत ठेवलीत, टोपण दाबलंत. सगळं बघितलं. समोर घड्याळ होतं."

"मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. "जाऊ द्या तिला, जाऊ द्या तिला, दोन वर्षं माझं डोकं खाल्लंस! आणि तेव्हा तोंडातून एक शब्द नाही?"

बायकोने धाग्याला गाठ मारली आणि तो दातांनी तोडला. पट्टा ओढून बघितला, पक्का बसला होता.

"मी काय दगडाची आहे?" ती म्हणाली.

ठकू उठली आणि आईला खेटून बसली. मी चार नंबरची वायर गुंडाळली आणि चिठ्ठी न बांधता खोक्यात ठेवली.